मान फक्त पिसांनाच का?

हिवाळा जवळ आला की वर्तमानपत्रांत ठरलेला मथळा येतो: 'परदेशी पाहुणे दाखल!' पाहुणे म्हणजे अर्थातच पक्षी. करडा धोबी घ्या. हिमालयातून, उत्तर आशियातून येतो, शेपटी हलवत अंगणात फिरतो. कौतुक व्हायलाच हवे. माझी तक्रार त्याच्याबद्दल नाहीच.

तक्रार आपल्याबद्दल आहे. पावसाळा सरताना माळावर थव्याने घिरट्या घालणारा पिवळसर-तांबूस चतुर (शास्त्रीय नाव पँटाला फ्लाव्हेसेन्स) कुणाच्या खिजगणतीत नसतो. धोब्याचे वजन सतरा-अठरा ग्रॅम, याचे एक ग्रॅमही नाही. तरी हा समुद्र ओलांडतो! चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञांनी २००९ साली मांडले की ऑक्टोबरपासून मालदीवमध्ये उतरणारे हे चतुर भारतातून येतात आणि वाऱ्यावर स्वार होऊन पुढे पूर्व आफ्रिकेकडे जातात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पंखांच्या रासायनिक तपासणीतही ते उत्तर भारतातून किंवा त्याहून लांबून आल्याचे दिसले.

कुणी म्हणेल, पक्षी गातो, किडा काय करतो? अहो, धोबी गातो तो तिकडे, विणीच्या दिवसांत. इथे त्याचे नुसते चिट्-चिट् चालते. मग गाण्याचा मुद्दा कुठे राहिला? दुसरे म्हणतील, किड्याचे आयुष्य ते केवढे! बरोबर. म्हणून तर धोबी गेला तर स्वतः परत येऊ शकतो, पण चतुर परतत नाही. निघतो आजा, परततात नातवंडे-पतवंडे, आणि वाट दाखवायला कुणी नसते. याला क्षुद्र म्हणायचे?

हा नुसता मानापमानाचा प्रश्न नाही. हा चतुर अंडी घालतो पावसाच्या उथळ डबक्यांत. तिथे त्याची पिल्ले डासांच्या अळ्या खातात. आणि आपण? 'डबके म्हणजे डास' म्हणून माळावरचे प्रत्येक डबके मुरूम टाकून बुजवतो. डेंग्यूचा डास मात्र आपल्याच कुंड्यांत, कूलरात, जुन्या टायरांत सुखाने वाढतो! आधी ते उपसा, मग माळाकडे वळा.

शाळांनी पक्षी मोजावेत, जरूर मोजावेत. सोबत चतुरही मोजावेत. आणि नातवाने चतुराच्या शेपटीला दोरा बांधला, तर हसून सोडून देऊ नका. तो दोरा सोडवा, आणि मालदीव नकाशात कुठे आहे ते त्याला दाखवा.