उलटा पडला, पण लपला नाही



मागच्या लेखानंतर बऱ्याच जणांचे फोन आले, तोडा रबा. "आता गुडघ्यांबद्दल लिहा" अशी मागणी आहे. गुडघे पुढच्या अंकात. आज आम्ही चंद्राबद्दल लिहिणार आहोत. हसू नका, गाडी शेवटी आमच्या नर्सिंगवरच येणार आहे.

त्याचं असं झालं, आमचा नातू सैन्यातली सेवा संपवून जपान फिरून आला. आजीसाठी त्याने काय आणावं? चेंडू! टेनिसच्या चेंडूपेक्षा थोडा मोठा. टेबलावर ठेवला तर मधोमध उघडला, दोन अर्धुकांची दोन चाकं झाली, मध्ये कॅमेऱ्याचा डोळा, मागे शेपटी, आणि लागला की फरफटत चालायला! "सफ्ता, ह्याचा भाऊ चंद्रावर आहे," नातू म्हणाला.

खरंच आहे. ह्या भावाचं नाव सोरा-क्यू. जपानची अंतराळ संस्था जाक्सा, खेळणी बनवणारी टाकारा टोमी कंपनी, सोनी आणि दोशिशा विद्यापीठ ह्यांनी मिळून तो बनवला. वजन पाव किलोच्या आसपास. चंद्रावरची माती म्हणजे बारीक भुकटी, त्यात साधं चाक रुतून बसतं. म्हणून हा माणूस पोहतो तसा अंग वर-खाली करत पुढे सरकतो.

जपानचं स्लिम नावाचं यान २० जानेवारी २०२४ रोजी ह्याला पोटात घेऊन चंद्रावर उतरलं. तिकडे मध्यरात्र उलटली होती. आपल्याकडे शुक्रवारची संध्याकाळ, शब्बाथचे दिवे नुकतेच लागले होते. यान सुमारे ५० मीटर उंचीवर असताना दोनपैकी एका मुख्य इंजिनाचा जोर गेला. तरी ठरवलेल्या जागेपासून फक्त ५५ मीटरवर उतरलं, पण डोक्यावर! सूर्यापासून वीज घेणाऱ्या पट्ट्या पश्चिमेकडे वळल्या आणि वीज मिळेना.

सोरा-क्यू आणि त्याचा उड्या मारणारा सोबती लेव्ह-१ ह्या दोघांना जमिनीला टेकायच्या जरा आधीच बाहेर सोडलं होतं. इथून कोणी हुकूम न देता चेंडू आपणहून फिरला, उलट्या पडलेल्या यानाचा फोटो काढला, आणि सोबत्याने तो पृथ्वीवर पाठवला. यानाकडून येणाऱ्या आकड्यांवरून जाक्साच्या लोकांना अंदाज आला होता. पण मॉनिटरवरचे आकडे वेगळे आणि खाटेजवळ उभं राहून पेशंटकडे बघणं वेगळं, हे कुठलीही नर्स सांगेल.

आम्हांला जास्त कौतुक वाटलं ते पुढचं. जपानने तो फोटो २५ जानेवारीला साऱ्या जगाला दाखवला. डोकं खाली, पाय वर, जसा आहे तसा. त्याआधी उतरल्या रात्रीच हितोशी कुनिनाका ह्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी पत्रकारांसमोर शंभरपैकी ६० गुण दिले होते, म्हणजे काठावर पास. योगायोग बघा, त्याच २५ तारखेला अमेरिकेच्या नासानेही कळवलं की मंगळावरचं इंजेन्युइटी हे चिमुकलं हेलिकॉप्टर आता उडणार नाही. पाच उड्डाणांसाठी पाठवलेलं, ७२ वेळा उडालं. त्याने काढलेल्या फोटोत त्याच्याच सावलीत मोडलेलं पातं दिसलं.

आपल्या बेरेशीत यानाची ११ एप्रिल २०१९ ची रात्र आठवते ना? टीव्हीपुढे बसून आम्हीही डोळे पुसले होते. जपाननेही असे दिवस पाहिले. २००५ साली त्यांनी इतोकावा नावाच्या लघुग्रहावर सोडलेला छोटा रोबो तिथे न उतरता अवकाशात वाहून गेला. मग १३ वर्षांनी, २०१८ साली, र्‍युगू नावाच्या लघुग्रहावर दोन रोबो उतरवले आणि ते उड्या मारत फिरले. पहिली चूक जगासमोर कबूल केली होती, म्हणून दुसरा प्रयत्न करायला तोंड उरलं.

आता आमची कबुली. गेल्या हिवाळ्यात आम्ही न्हाणीघरात घसरून पडलो. फोन बाहेर टेबलावर. बराच वेळ तसेच पडून राहिलो, मग वॉशिंग मशीनला धरून कसेबसे उठलो. आणि कोणाला सांगितलं? कोणालाच नाही! दोन दिवस लांब बाह्यांचा स्वेटर घालून फिरलो. मुलाचा फोन आला तर "मजेत आहे रे बाबा." तीस वर्षं वॉर्डात पेशंटना दटावलं, "एकटे उठू नका, घंटी वाजवा," आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा लाज वाटली. मुलं म्हणतील, आता तुला एकटीला ठेवणार नाही, ही भीती.

शेवटी शेजारची आठ वर्षांची मुलगी चपाती खायला आली आणि म्हणाली, "तुझा हात फुगलाय." तिनेच आपल्या आईला बोलावलं. मनगटाचं हाड मोडलं होतं. दोन दिवस उशीर केल्याबद्दल डॉक्टर रागावले ते वेगळंच. नातवाचा चेंडू टेबलावर चालू लागला तेव्हा आम्हांला पहिली ती मुलगीच आठवली.

स्लिमचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. बॅटरी १२ टक्क्यांवर आली तेव्हा त्यांनी यान स्वतःहून बंद केलं, झोपवलं म्हणा ना. ऊन पश्चिमेकडून आलं आणि २८ जानेवारीला ते जागं झालं. भोवतालच्या खडकांचे फोटो काढले. खडकांना कुत्र्यांच्या जातींची नावं दिली होती! चंद्रावरची रात्र आपल्या चौदा दिवसांची, थंडी शून्याखाली १७० अंशांपर्यंत. ही रात्र सोसायला ते बनवलंच नव्हतं, तरी तीन रात्री काढल्या. एप्रिल अखेरपर्यंत बोलत राहिलं. २३ ऑगस्ट २०२४ रोजी जाक्साने काम थांबवलं. बरोबर वर्षापूर्वी त्याच तारखेला आपल्या मातृभूमीचं चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं होतं.

तेव्हा आमच्या वयाच्या वाचकहो, पडलात तर त्याच दिवशी सांगा. थकलात तर थोडी बॅटरी शिल्लक असतानाच आडवे व्हा, शून्य होईपर्यंत भांडी घासू नका. आणि घरात येणाऱ्या-जाणाऱ्या लहानग्यांना हाकलू नका, त्यांना दिसतं.

आम्ही आता ते बटण गळ्यात घालतो. नातवाने शब्द घेतलाय.

पुढच्या अंकात नक्की गुडघे. लेहित्राओत.