करून पाहू या : छपराचं गुपित



माझ्या छोट्या गाडीत मला हॅम रेडिओ बसवायचा होता. हॅम म्हणजे परवाना घेऊन हौसेनं वायरलेस चालवणारे लोक. त्यांचं बोलणं थेट एका संचातून दुसऱ्या संचात पोचतं, मध्ये मोबाइलचा टॉवर लागत नाही. 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला, भंडाऱ्यात पाणी शिरलं, ते तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. अशा वेळी टॉवरची वीज गेली, तर मोबाइल मुका होतो. गाडीच्या बॅटरीवरचा संच मात्र बोलू शकतो. फक्त त्याचा अँटेना नीट हवा!

पण तो बसवायचा कुठं? आठवीतला भाचा लगेच म्हणाला, "मामा, मागं डिक्कीवर लावा न! मस्त दिसते."

म्हटलं, चला, करूनच पाहू. डिक्कीच्या झाकणाला चिमट्यानं अँटेना लावला आणि पवनीच्या रस्त्यावर धानाच्या बांध्यांशेजारी गाडी उभी केली. भंडाऱ्याचा एक हॅम मित्र घरून बोलत होता आणि भाचा संचावरच्या पट्ट्या मोजत होता. गाडीचं तोंड पवनीकडे असताना पट्ट्या दोन. गाडी तिथंच उलटी फिरवली, तोंड भंडाऱ्याकडे केलं, तर पट्ट्या पाच!

मग तोच अँटेना लोहचुंबकाच्या बैठकीवर छपराच्या मधोमध ठेवला. आता गाडी कशीही फिरवा, पट्ट्या चार.

"असं कसं?" भाचा चक्रावला.

दोस्तांनो, उभी काडी हा अर्धाच अँटेना असतो. उरलेला अर्धा म्हणजे तिच्याखालचा पत्रा! आता थोडं गणित. आमचा संच 145 मेगाहर्ट्‌झवर चालतो. 300 ला 145 नं भागा. लहरीची लांबी आली साधारण 2 मीटर. काडी हवी तिच्या पाव, म्हणजे सुमारे 50 सेंटिमीटर. काडीभोवती चहूकडे पत्राही निदान तेवढाच हवा. छोट्या गाडीचं छप्पर मीटरभर रुंद असतं. मधोमध काडी ठेवली, की हिशेब बरोबर जुळतो! डिक्कीवर मात्र काडीच्या पुढं सगळा पत्रा आणि मागं जवळजवळ काहीच नाही. म्हणून लहरी पुढच्या बाजूला जास्त झुकतात. पुरात अडकलेल्या माणसानं काय आधी गाडी फिरवत बसायचं?

छपराला भोक पाडून बसवलेला अँटेना सगळ्यात पक्का. पण पावसाळ्यात पाणी झिरपायची धास्ती, शिवाय घरचे रागावणार! जुन्या मारुती 800 सारख्या गाड्यांना छपराच्या कडेला पाण्याची पन्हळ असे, तिथं पकड बसायची. नव्या गाड्यांना ती पन्हळ नसते. डिक्कीचा चिमटा चालतो, पण त्याचा स्क्रू रंग भेदून पत्र्याला टेकला पाहिजे. लोहचुंबकाला रंग खरवडावा लागत नाही. बैठक, रंग आणि पत्रा मिळून एक कंडेन्सरच तयार होतो. मात्र बैठकीखालची धूळ पुसा, नाहीतर ओरखडे पडतात. आणि वायर दारात चेंगरू देऊ नका. फार उंच काडीही नको. बाभळीची फांदी लागली, की ती आडवीच!

आता तुमचं काम. लहान लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळा आणि बाबांना विचारून गाडीला ठिकठिकाणी लावून पाहा. कुठं चिकटतो? काचेला? बंपरला? छपराला? वहीत गाडीचं चित्र काढून खुणा करा.

आणि हो, परवान्याशिवाय वायरलेसवर बोलणं हा गुन्हा आहे. पण 12 वर्षं पूर्ण झाली, की परीक्षा देऊन तुम्हालाही परवाना मिळू शकतो. भाचा अभ्यासाला लागलाय. आता डिक्कीचं नावही काढत नाही!