उभ्या गाडीचें इंधन

काटकसर हा शब्द उच्चारतांच आपल्या घरांतील मंडळींस प्रथम स्वयंपाकघर आठवतें. तेलाच्या बरणीवर व साखरेच्या डब्यावर गृहिणीची नजर असते. रिकाम्या खोलींत दिवा जळत राहिला तर वडीलधारी माणसें लगेच हटकतात. परंतु दारांत उभी असलेली मोटार उगाच घरघरत राहिली, तर त्याबद्दल कोणी चकार शब्द काढीत नाहीं. तिचा खर्च डोळ्यांस दिसत नाहीं, हेंच याचें कारण होय. या महिन्यांत आम्ही वाचकांचें लक्ष या गळतीकडे वेधूं इच्छितों.

पुण्यांतील एखादें एकत्र कुटुंब शिरूर तालुक्यांतील इनामगावाकडे, आपल्या शेतावर किंवा आप्तांकडे, निघावयाचें आहे असें समजा. धाकटे काका खालीं उतरून गाडी सुरू करितात. हेतु हा कीं, वरच्या मंडळींनीं त्वरा करावी. वर आजोबांची काठी सांपडत नसते, वहिनींना गॅस बंद केला कीं नाहीं याची शंका येते, मुलांपैकीं एकाचा बूट नाहींसा होतो. मग देवास नमस्कार, वडिलांस नमस्कार, आणि आजी एकेकाच्या हातावर दहीं घालतात. तोंवर इंजिन चालूच! त्याच्या आवाजानें काठी लवकर सांपडत नाहीं आणि बूटहि सांपडत नाहीं. जळतें तें केवळ पेट्रोल.

हें पेट्रोल किती जळतें? लहान गाडी जागच्या जागीं चालू ठेविली, तर तासाला सुमारें ०.६ लिटर इंधन खाते. गार हवेचें यंत्र चालू असल्यास त्याहून अधिक. दारापाशीं, शाळेपुढें, मंडईजवळ, चौकांत अशीं मिळून रोज २० मिनिटें धरलीं, तरी महिन्याकांठीं ६ लिटर होतात. लिटरला १५ किलोमीटर धांवणारी गाडी तेवढ्यांत ९० किलोमीटर जाते; म्हणजे पुण्याहून निघून इनामगावाची वेस जवळजवळ गांठते. हा सगळा प्रवास आपण दारांत उभ्या उभ्या करून टाकतों.

या संवयीच्या पाठीशीं दोन समजुती आहेत. इंजिन आधीं तापवून घ्यावें लागतें, ही पहिली. जुन्या कार्बुरेटरच्या गाड्यांस तें खरें होतें. हल्लींच्या गाड्यांत इंधनाचें प्रमाण यंत्रच ठरवितें. आपल्याकडील हवेंत सुरू करून थोडा वेळ सावकाश हांकली, म्हणजे इंजिन आपोआप तापतें. पुन्हां सुरू करण्यास फार इंधन लागतें, ही दुसरी समजूत. अमेरिकेंतील आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेनें केलेल्या मोजणींत असें आढळलें कीं, दहा सेकंदांहून अधिक काळ इंजिन उगाच चालविण्यापेक्षां तें बंद करून पुन्हां सुरू करणें स्वस्त पडतें. व्यवहारांत अर्ध्या मिनिटाचा हिशेब धरला तरी पुष्कळ.

खर्चापेक्षांहि मोठी गोष्ट प्रकृतीची. शाळा सुटण्याच्या वेळीं फाटकापुढें गाड्या चालू ठेवून पालक वाट पाहतात, आणि त्या धुरांतून मुलें बाहेर पडतात. धुराची नळी असते मुलाच्या उंचीपेक्षांहि खालीं. दम्याच्या मुलास तो धूर फार बाधतो. बंद गॅरेजमध्यें तर इंजिन मुळींच चालू ठेवूं नये. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो प्राणघातक आहे.

हा प्रश्न एका घराचा नाहीं. आपल्या देशास लागणाऱ्या कच्च्या तेलापैकीं शेंकडा ८० हून अधिक बाहेरून येतें. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलचें रेशनिंग झालें, तेव्हां कोळशाच्या वायूवर मोटारी चालविण्याची पाळी आली होती. तेलाची किंमत त्या पिढीस कोणी शिकवावी लागली नाहीं. पुढें १९७८ सालीं इंधन-बचतीच्या प्रसारासाठीं सरकारनें पेट्रोलियम कॉन्झर्वेशन रिसर्च असोसिएशन ही संस्था स्थापिली. २०२० सालीं दिल्लींत, लाल दिवा लागतांच गाडी बंद करावी, अशी मोहीमहि निघाली. वाघोली-शिक्रापूरच्या गर्दींत अडकणाऱ्या आमच्या वाचकांस ही शिकवण दिल्लीइतकीच उपयोगाची आहे.

आणि ज्या इनामगावाचें नांव वर आलें, तें तर सांठवणुकीचें जुनें विद्यापीठच म्हणावें. घोड नदीच्या कांठीं १९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनीं तेथें उत्खनन केलें, डॉ. सांकळिया, डॉ. ढवळीकर व डॉ. अन्सारी हीं नांवें त्या कामाशीं निगडित आहेत. ख्रिस्तपूर्व १६०० ते ७०० च्या सुमाराची शेतकऱ्यांची वस्ती तेथें उजेडांत आली. धान्याचीं पेंवें, कोठार, पाण्यासाठीं खणलेला पाट व बांध असें बरेंच कांहीं सांपडलें. अवर्षणाच्या मुलुखांत राहणाऱ्या त्या माणसांनीं, जें थोडें आहे तें जपावें कसें, हें ओळखलें होतें.

मग आपण काय करावें? गाडींत सर्व मंडळी बसून दारें लागलीं, म्हणजेच किल्ली फिरवावी. दहीं आधीं, इंजिन मागाहून. रेल्वेच्या फाटकापाशीं, शाळेपुढें, मोठ्या सिग्नलला गाडी बंद करावी. अपवादहि ध्यानांत असावे. उतारावर वा चालत्या गाडींत इंजिन कधींच बंद करूं नये, कारण ब्रेक व सुकाणू जड होतात. बॅटरी जुनी झाली असेल तर जपून असावें. लांबच्या वेगवान प्रवासानंतर टर्बोचें इंजिन मिनिटभर चालू ठेवून मग थांबवावें. उन्हाच्या तडाख्यांत तान्हें मूल किंवा आजारी माणूस गाडींत असेल, तर गारव्यासाठीं लागणारें इंधन हा अपव्यय नव्हे.

हें काम घरांतील मुलांकडे सोंपवावें, असें आम्हांस सुचवावेसें वाटतें. आजोबांनीं दिवा मालविण्याची शिस्त नातवंडांस लाविली; आतां नातवंडांनीं काकांस इंजिन बंद करण्याची आठवण द्यावी, आणि काकांनीं ती न रागावतां ऐकावी.