जिद्दीचे सत्कार पुरे, नियम बदला!

निकाल लागले की आपल्या विहारांत, समाजमंदिरांत गुणगौरव सोहळे होतात. टीबीसारख्या आजारातून उठून इंजिनिअरिंगची परीक्षा काढलेला एखादा विद्यार्थी असला की त्याच्या जिद्दीचे पोवाडे गायले जातात. सत्कार जरूर करा. पण त्याच वस्तीत आजारातून उठलेली आणि परीक्षेपर्यंत पोहोचूच न शकलेली मुले आहेत. त्यांच्यात जिद्द नव्हती काय?

जिद्द होती, मुदत संपली होती.

आयआयटीची दारे उघडणाऱ्या जेईई अॅडव्हान्स्डचा नियम वाचा. बारावीची परीक्षा पहिल्यांदा दिली ते वर्ष आणि त्याच्या पुढचे वर्ष, एवढीच मुदत. दुसरे वर्ष रुग्णालयात गेले, पेपर हातात धरलाच नाही, तरी संधी संपली! अनुसूचित जाती-जमातींना वयात ५ वर्षांची सवलत आहे, पण या अटीत एका दिवसाचीही नाही. मग ती वयाची सवलत घेऊन आजारी मुलाने करायचे काय?

"नियम सर्वांना सारखाच आहे," असे सांगितले जाते. नियम सारखा असेल, आजार सारखा नाही. टीबीचा नेहमीचा उपचारच ६ महिने चालतो. हा रोग दाटीच्या, हवा न खेळणाऱ्या घरांत आणि अर्धपोटी शरीरांत फोफावतो. अशी घरे कुणाच्या वाट्याला आली, हे जातिव्यवस्थेला विचारा. पैसेवाल्याच्या मुलाचे वर्ष गेले तर त्याला मॅनेजमेंट कोटा आहे. आपल्या मुलाचे वर्ष गेले तर त्याला नाका आहे.

मित्रांनो, शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. पण चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा त्यांना मिळाली होती. १९२० मध्ये ते पुन्हा गेले आणि डी.एस्सी. घेऊनच आले. बुद्धी आणि कष्ट त्यांचेच होते, पण दार उघडे राहिले होते. "तुमची दोन वर्षे संपली" असे तेव्हा कुणी सांगितले असते तर?

खोटी प्रमाणपत्रे येतील, ही भीती दाखवू नका. टीबीच्या रुग्णाची नोंद सरकारच्याच निक्षय पोर्टलवर असते. कर्करोग, डायलिसिस, मोठी शस्त्रक्रिया यांची कागदपत्रे सरकारी वैद्यकीय मंडळ तपासू शकते. दुर्बल घटकांच्या, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक हितांची विशेष काळजी घ्या, असे संविधानाचे कलम ४६ राज्याला सांगते. काळजी म्हणजे सहानुभूतीचे पत्रक नव्हे.

म्हणून मागणी साधी आहे : गंभीर आजारात गेलेले वर्ष मुदतीत धरू नका. आणि बार्टीसारख्या संस्थांनी आजारामुळे प्रशिक्षण सुटलेल्या विद्यार्थ्याची जागा पुढच्या तुकडीत राखून ठेवावी.

हा लढा चालेल तोवर आजारातून उठलेल्या भावा-बहिणींनी पुस्तक मिटू नये. एमएचटी-सीईटीला किती वेळा बसावे याची मर्यादा नाही, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत आणि सुमारे ८० टक्के प्रश्न बारावीच्या अभ्यासक्रमावर असतात. थकलेल्या शरीराने आधी बारावीच धरावी, औषध चुकवू नये.

कार्यकर्त्यांनो, पुढच्या सोहळ्यात शाल-श्रीफळासोबत या मागणीचे निवेदनही ठेवा आणि सभागृहातल्या प्रत्येकाची सही घ्या.

जय भीम!