जनगणनेत ‘मालवणी’ सांगितलं तर आकडा कुणाचा वाढतो?

लालबाग-परळच्या चाळींत मालवणी अजून ऐकू येते. गिरण्यांत कामाला आलेल्या कोकणातल्या माणसांनी ती आणली, ‘वस्त्रहरण’ने ती नाट्यगृहात गाजवली. पण ‘मातृभाषा कोणती?’ असं विचारलंत, तर याच घरांतून पटकन उत्तर येतं, ‘मराठी’. फेब्रुवारी २०२७ मध्ये जनगणना आहे, तीही पहिल्यांदाच डिजिटल. म्हणून या उत्तराचं पुढे काय होतं ते समजून घेऊया.

२०११ मध्ये लोकांनी मातृभाषेची १९,५६९ नावं सांगितली. छाननीनंतर त्यातून १,३६९ मातृभाषा उरल्या. १,४७४ नावं कुठेच न बसल्यामुळे ‘इतर’मध्ये गेली. मग दहा हजार किंवा जास्त भाषक असलेल्या १२१ भाषा ठरल्या. त्यातल्या २२ आठव्या अनुसूचीतल्या. आमच्या धंद्यात याला आधी डेटा क्लीनिंग आणि मग ‘ग्रुप बाय’ म्हणतात.

गंमत इथे आहे. या यादीत मालवणी मराठीखाली नाही, कोकणीखाली आहे! अहिराणी खानदेशीखाली आहे, आणि खानदेशी ही मराठीहून वेगळी भाषा धरली आहे. म्हणजे लालबागच्या एखाद्या आजीने ‘मालवणी’ सांगितलं, तर कोकणीचा आकडा एकाने वाढणार. मराठीवरून एवढ्या तापलेल्या मुंबईत हे कुणाला आवडेल? मलाही ते खटकतं.

तरीही घरात मालवणी बोलत असाल तर तेच सांगा, असं माझं मत आहे. गट कसे पाडायचे हे नंतर बदलता येतं. मूळ नोंदच नसेल तर कुठलाही प्रोग्राम ती परत आणू शकत नाही. आणि सरकारचं ‘भाषिणी’ही मुख्यतः त्याच २२ भाषांभोवती उभं आहे. नोंदीत नसलेल्या बोलीचा आवाज गोळा करायला पैसे कोण देणार? व्हॉइस टायपिंगला ‘खंय चललंस?’ विचारून बघा, काय उमटतं ते.

२०११ च्या सूचनांनुसार मातृभाषा म्हणजे लहानपणी आई तुमच्याशी बोलायची ती भाषा. ती घरातल्या प्रत्येकाची स्वतंत्र नोंदवायची होती, आणि ती ‘भाषा’ की ‘बोली’ हे ठरवणं प्रगणकाचं काम नव्हतं. यावेळी अ‍ॅपमध्ये तयार यादी समोर आली, तर प्रगणकाने नेमकं काय निवडलं ते स्क्रीनवर बघून घ्या. स्वगणनेचीही सोय आहे. तिथे आजीला विचारूनच भरा.