थोरल्या चाकाची प्रतीक्षा

२०१७ सालच्या एप्रिलअखेरीस, फ्रान्समधील पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या लूर्द या ख्रिस्ती तीर्थक्षेत्री, डोंगरउतारावरील जागतिक चषकाच्या मोसमाची पहिली शर्यत भरली, त्या वेळी कॅलिफोर्नियातील सांता क्रूझ या कारखान्याच्या चमूने जी वाहने स्पर्धेस आणली, त्यांवरून या क्षेत्रातील जाणत्यांमध्ये मोठी खळबळ उडाली. कारण व्ही-टेन या त्यांच्या नामांकित उतारसायकलीला तोवर रूढ असलेल्या साडेसत्तावीस इंची चाकांच्या जागी २९ इंची चाके बसविलेली होती, आणि आठ इंचांच्या घरातला सस्पेन्शनचा पल्ला व एवढे थोर चाक ही दोन्ही एका सांगाड्यात सुखाने नांदू शकत नाहीत, हे मत बहुतेकांनी निर्विवाद मानलेले होते. लूर्दच्या अंतिम फेरीत पाऊस आला आणि चाकांच्या वादाचा निवाडा त्या दिवशी होऊ शकला नाही. परंतु पुढच्याच, जूनमधील शर्यतीत, स्कॉटलंडच्या फोर्ट विल्यम येथे, दक्षिण आफ्रिकेचा ग्रेग मिनार त्याच थोरल्या चाकांवर पहिला आला. जे आपण शर्यतीत पाहिले ते आपल्या नित्याच्या वाटांसाठी केव्हा मिळणार, हा प्रश्न तेव्हापासून सायकलस्वारांच्या मनात घर करून बसला. त्याच वर्षी त्या कारखान्याने मागे १५० मिलिमीटर पल्ल्याची हायटॉवर एलटी काढली. पण लोकांची तहान तेवढ्याने भागली नाही, आणि २०१९ च्या मार्चमध्ये १६० मिलिमीटरची मेगाटॉवर आली, तोवरची दोन वर्षे निरनिराळ्या तर्कवितर्कांत गेली.

या प्रतीक्षेला आम्ही उथळ म्हणणार नाही. जो मनुष्य वर्षानुवर्षे एकाच डोंगराच्या एकाच उतारावर, त्याच निखळलेल्या दगडांशी झगडत आलेला असतो, त्याला ते दगड अधिक निर्धास्तपणे ओलांडू देणाऱ्या यंत्राची ओढ लागावी, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे, आणि आमच्याही मनात ती ओढ तितकीच आहे. परंतु आमच्या वाचकांत सायकलींचे विक्रेते आहेत, दुरुस्तीच्या दुकानातले कारागीर आहेत, घाटवाटांवर नवशिक्यांना हाती धरून नेणारे मार्गदर्शक आहेत. या मंडळींकडे गिऱ्हाईक सल्ला मागावयास येते, आणि त्यांनी कारखान्याच्या जाहिरातीतील दोन आकडे, एक चाकाचा व दुसरा पल्ल्याचा, गिऱ्हाइकापुढे ठेवून स्वस्थ बसणे पुरेसे नाही. त्या दोन आकड्यांच्या दरम्यान जी जागेची ओढाताण चाललेली असते, तिची रुजुवात घालता आली पाहिजे.

साडेसत्तावीसच्याही आधीचे, डोंगरी सायकलींचे मूळ २६ इंची चाक तरी कोणत्या शास्त्रावरून ठरले होते? १९७६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाच्या मरीन परगण्यात, टॅमलपाइस पर्वताच्या परिसरातील एका उतारावर, काही तरुणांनी जुन्या श्विन सायकलींची शर्यत लावली. उतरताना मागच्या हबमधील ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून धुराच्या रूपाने बाहेर पडे आणि खाली पोहोचल्यावर हब उघडून ते नव्याने भरावे लागे, म्हणून त्या वाटेचेच नाव रीपॅक पडले. त्या श्विन सायकली १९३० नंतरच्या दशकातल्या, फुगीर टायरांच्या, शाळकरी मुलांसाठी बनविलेल्या होत्या, आणि त्यांची चाके २६ इंची होती. पुढे १९७७ मध्ये जो ब्रीझ याने डोंगरासाठी म्हणून खास सांगाडा घडविला, १९७९ मध्ये गॅरी फिशर व चार्ली केली यांनी धंदा मांडला, १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची स्टम्पजंपर बाजारात आली, तरी भंगारातून मिळालेले ते माप तसेच पुढे चालू राहिले. कारण जाड, खडबडीत टायर त्याच मापात मिळत होता. गॅरी फिशर यांच्या मनात मोठे चाक फार काळ होते, पण १९९९ मध्ये विल्डर्नेस ट्रेल बाइक्सने नॅनोरॅप्टर हा ६२२ मिलिमीटर रिमेवर चढणारा जाड टायर काढीपर्यंत त्या विचाराला पाय फुटले नाहीत. चाकाचा इतिहास हा बव्हंशी टायरचा इतिहास आहे, ही गोष्ट आपल्या धंद्यात सदैव लक्षात ठेवण्याजोगी आहे.

येथे ६२२ हा आकडा आला म्हणून थोडे विषयांतर करतो. आपल्याकडील काळ्या, भरभक्कम, दूधवाल्यांच्या व पोस्टमनांच्या सायकलीला जे २८ बाय दीडचे चाक असते, त्याच्या रिमेवर टायर बसतो तो व्यास ६३५ मिलिमीटर, म्हणजे या नव्या २९ इंची चाकाहून तेरा मिलिमीटरने अधिकच! ‘एकोणतीस’ हे नाव टायरच्या बाहेरच्या व्यासावरून पडलेले आहे. रीम पाहाल तर ती शर्यतीच्या सायकलीच्या ७०० सी रिमेच्याच व्यासाची आहे. ज्या कारागिराने आयुष्यभर २८ च्या चाकाचा आउट काढला, त्याच्या हाताला थोरले चाक परके नाही, आणि हे आम्ही त्याच्या समाधानासाठी सांगत नसून खरोखर तसे आहे म्हणून सांगतो.

आता थोरल्या चाकाचा लाभ किती, हे मोजून पाहू. साधारण २.३ इंच रुंदीचा टायर धरला, तर २९ च्या चाकाची त्रिज्या सुमारे ३६९ मिलिमीटर आणि २६ च्या चाकाची सुमारे ३३७ भरते. समोर १०० मिलिमीटर उंचीचा, सरळ कडेचा दगड आला, आणि चाक स्तब्ध स्थितीतून त्यावर चढवावयाचे म्हटले, तर त्या चाकावरील भाराच्या मानाने लहान चाकाला भाराइतकाच, किंबहुना किंचित अधिक, जोर लागतो. मोठ्या चाकाला भाराच्या शेकडा ९४ च्या आसपास पुरतो. म्हणजे फरक सुमारे शेकडा सात. आणि साडेसत्तावीसशी तुलना केली तर तो शेकडा चारवर येतो. हा लाभ खरा आहे, दर दगडागणिक मिळणारा आहे, आणि दीर्घ उतारावर त्याची बेरीज स्वाराच्या मनगटांना स्पष्ट जाणवते. पण तो एवढाच आहे, आणि जो विक्रेता याहून अधिकाचे वचन देईल, तो पुढे त्या गिऱ्हाइकाचा विश्वास गमावील. शिवाय या जमेच्या बाजूसमोर खर्चाची बाजू आहे: परिघावरील वजन वाढते, वेगात आलेले चाक वळविण्यास अधिक बळ लागते, तेच दाते ठेवले तर गिअर शेकडा नऊ-साडेनऊने जड होतो, आणि ब्रेकच्या तबकडीला पूर्वीपेक्षा मोठ्या भुजेविरुद्ध काम करावे लागते.

खरी अडचण मात्र भौतिकशास्त्रात नव्हती, ती जागेत होती. आणि या ठिकाणी आम्ही वाचकांना जरा थांबण्याची विनंती करतो, कारण नव्या सायकलीचे खरे कर्तृत्व इथे दडलेले असते. पेडलांचा आस जिथे फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंतचे अंतर, ज्याला चेनस्टे म्हणतात, ते लांबले की सायकल वळणावर आळसावते आणि पुढचे चाक उचलताना स्वाराचा जीव मेटाकुटीस येतो. म्हणून ते ४३० मिलिमीटरच्या जवळपास असावे, अशी उतारावर खेळणाऱ्या स्वारांची अपेक्षा. २६ च्या चाकात या ४३० मधून त्रिज्या वजा केली, तर टायर आणि बॉटम ब्रॅकेटचा मध्य यांत सुमारे ९३ मिलिमीटर उरतात. २९ च्या चाकात उरतात जेमतेम ६१. या अडीच इंचांहूनही कमी जागेत बॉटम ब्रॅकेटचे कवच, सस्पेन्शनचा मुख्य खिळा, सीटची नळी आणि पुढचा डिरेलर एवढ्या सर्वांनी राहावयाचे, आणि मागचे चाक सस्पेन्शनसह सहा इंच वर उचलले गेले तरी कोणी कोणास शिवावयाचे नाही! २००९ च्या सुमारास नाइनर या केवळ २९ इंची चाकांचा ध्यास घेतलेल्या कारखान्याने डब्ल्यूएफओ ही १४० मिलिमीटर पल्ल्याची सायकल काढण्याचे धाडस केले होते; पण लांब पल्ला आणि आखूड शेपूट यांचा मेळ स्पेशलाइज्डने २०१३ च्या एन्ड्युरो २९ मध्ये १५५ मिलिमीटर पल्ला व ४३० मिलिमीटर चेनस्टे एकत्र आणून घातला, तेव्हा पुढच्या डिरेलरची बैठकच बदलावी लागली. त्याआधी २०१२ मध्ये स्रॅमने पुढे एकच दातेरी चक्र आणि मागे अकरा, असा एक्सएक्स-वन संच आणलेला होता. आमच्या मते थोरल्या चाकाच्या लांब पल्ल्याच्या सायकलीचा मार्ग जितका त्या संचाने मोकळा केला, तितका कोणत्याही सांगाड्याच्या नव्या आकृतीने केला नाही. पुढचा डिरेलर गेला आणि त्याने अडविलेली जागा सांगाडा घडविणाऱ्याच्या ताब्यात आली. ज्यांना हा बदल केवळ फॅशनचा वाटतो, त्यांनी हे ६१ मिलिमीटर एकदा पट्टी घेऊन मोजावेत.

दुसरी अडचण चाकाच्या ताठपणाची. हबच्या दोन फ्लँजमधील अंतर तेच राहिले आणि स्पोक तीस मिलिमीटरने लांब झाले, तर स्पोकांचा आडवा कोन निमुळता होतो, आणि वळणात बाजूने जोर आला की रीम लवते. पहिल्या पिढीच्या २९ इंची चाकांविषयी स्वारांच्या ज्या तक्रारी असत, त्यांतील बऱ्याचशा याच कारणाने योग्य होत्या. यावर तोडगा म्हणून मागचा हब १४२ वरून १४८ मिलिमीटर आणि पुढचा १०० वरून ११० करण्यात आला. या तजविजीस बूस्ट असे नाव आहे. मागील हबचे हे सहा मिलिमीटर म्हणजे प्रत्येक बाजूस अवघे तीन, परंतु तेवढ्याने स्पोकांना पाय फाकून उभे राहता येते. आमच्या कारागीर बंधूंना येथे कळकळीची विनंती आहे की, असे चाक दुकानात आले म्हणजे केवळ डावा-उजवा आउट काढून ते परत देऊ नये. दोन्ही बाजूंच्या स्पोकांचा ताण मापकाने पाहावा, चेनकडील व तबकडीकडील ताण वेगवेगळा असतो हे ध्यानी घेऊन त्या त्या बाजूत तो एकसारखा आणावा, आणि चाक जमिनीवर आडवे दाबून ताण बसवून घेतल्यावाचून ते सांगाड्यात चढवू नये. अशी चाके आपल्या सह्याद्रीच्या बसाल्टी पायऱ्यांवर पहिल्याच पावसाळ्यात परीक्षेस उतरतात, आणि त्या परीक्षेत कारखान्याच्या कामापेक्षा आपल्या कामाची लाज राखावी लागते.

चाक थोर झाल्याने एक लाभ असाही झाला, जो जाहिरातीत क्वचितच सांगितला जातो. पेडलांचा आस जमिनीपासून सुमारे ३४५ मिलिमीटर ठेवला, तर २६ च्या सायकलीत तो चाकांच्या आसांहून थोडा वरच राहत असे. २९ मध्ये तो आसांच्या रेषेखाली चोवीस-पंचवीस मिलिमीटर उतरतो, आणि स्वाराला आपण सायकलीच्या माथ्यावर बसलो नसून तिच्या कुशीत उभे आहोत असे वाटते. पूर्वी हँडलच्या नळीचा कोन एकाहत्तर अंशांच्या आसपास असे, तो मेगाटॉवरपर्यंत पासष्टावर आला. कोन असा निजला की चाक सरळ धावू पाहते, आणि थोरल्या चाकात ही प्रवृत्ती मुळातच अधिक, म्हणून कोणी फोर्कचा ऑफसेट वाढवून तर कोणी आखूड स्टेम लावून हँडलचा स्वभाव ताळ्यावर आणला. हा विषय मोठा आहे, त्याचा परामर्श स्वतंत्र लेखात घेऊ.

ज्या गोष्टीसाठी हे संपादकीय लिहावयास घेतले ती अखेरीस सांगतो. मिनार हा सहा फुटांहून अधिक उंचीचा मनुष्य आहे. आपल्या दुकानांत येणारे पुष्कळ स्वार, आणि स्त्री स्वार तर बहुसंख्य, साडेपाच फुटांच्या आतले असतात. २६ ऐवजी २९ घेतले की, पल्ला तोच असूनही, सस्पेन्शन पुरते दबल्यावर मागच्या टायरचा माथा सांगाड्याच्या मानाने सुमारे ६३ मिलिमीटर अधिक उंच येतो. आणि तीव्र उतारावर सीटच्या मागे सरकलेल्या बुटक्या स्वाराच्या मांड्यांना तो टायर घासण्याचा संभव नेमका त्याच क्षणी उद्भवतो, जेव्हा दचकणे परवडत नाही. आंतरराष्ट्रीय सायकल संघाने २०१९ च्या मोसमापासून पुढे २९ व मागे साडेसत्तावीस असे संमिश्र चाक उतारशर्यतींत मान्य केले आणि त्याच वर्षी कॅनडातील माँ-सेंत-आन येथे लोइक ब्रुनी हा फ्रेंच स्वार तशाच सायकलीवर जगज्जेता झाला, तेव्हा उंचीने मध्यम असणाऱ्यांसाठी एक सन्मान्य वाट खुली झाली. तिला दुय्यम समजण्याचे काहीही कारण नाही. तेव्हा गिऱ्हाईक नव्या लांब पल्ल्याच्या सायकलीची आगाऊ रक्कम भरण्यास उतावीळ झाले असेल, तर शक्य तेथे त्याच जातीची एखादी सायकल मिळवून मागच्या शॉकमधली सगळी हवा सोडावी, ड्रॉपर पोस्ट खाली करावी, सायकल पुरती दाबून धरावी, आणि स्वाराला पेडलांवर उभे करून त्याचे शरीर व टायर यांत किती बोटे मावतात ते त्याच्या देखत मोजावे.