उजळाईवाडी ते मोहनबारी

आमच्या घरी पृथ्वीचा एक गोल आहे. लेकीच्या शाळेच्या दिवसांत घेतलेला. लग्न होऊन ती आसामात दिब्रुगडला गेली तेव्हा तो माळ्यावर चढला आणि तिला दिवस गेल्याचे कळले तेव्हा पुन्हा खाली उतरला.

"किती हो लांब?" सौभाग्यवतींनी विचारले.

मी गोलावर दोरा ताणून धरला. कोल्हापूर ते दिब्रुगड, सुमारे २,४५० किलोमीटर. "विमान तासाला ८०० किलोमीटर जाते. साडेतीन तासांचे काम! सकाळचा चहा इथे, दुपारचे जेवण लेकीकडे."

"मग दिवाळी इथेच करू. भाऊबीज झाली की निघू," त्या म्हणाल्या. माझ्या दोऱ्यावर त्यांनी विश्वास ठेवला, हीच त्यांची चूक.

पाडव्याच्या रात्री जावईबापूंचा फोन आला. लेकीला दवाखान्यात नेले होते. सकाळी ९ वाजता आम्ही घर सोडले.

दोरा सरळ जातो. विमान मात्र प्रवासी मिळतील त्या वाटेने जाते. पूर्वेला जायचे म्हणून आम्ही आधी ३०० किलोमीटर वायव्येला, मुंबईला गेलो. तेथून कोलकाता १,६६० आणि पुढे दिब्रुगड ८५०. म्हणजे फेरा पडला तो साडेतीनशे किलोमीटरचाच. तिन्ही विमानांत मिळून बसलो पाच-सव्वापाच तास. पण आमच्या उंबऱ्यापासून दवाखान्याच्या पायरीपर्यंत लागले २७ तास!

कोलकात्याला उतरलो तेव्हा दिब्रुगडचे त्या दिवसाचे शेवटचे विमान गेले होते. रात्र खुर्चीत काढली. मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन बसलेल्या सौभाग्यवती मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते. पहाटे तीनला फोन आला: मुलगी झाली, दोघी सुखरूप.

आम्ही पोचलो तेव्हा नात नऊ तासांची झाली होती.

तेव्हा वाचकहो, लांबच्या दोन लहान विमानतळांमधले अंतर किलोमीटरांत मोजू नका. विमाने किती बदलायची ते आधी विचारा. प्रत्येक बदलाला तीन तास धरा, आणि प्रसंग नाजूक असेल तर एक मुक्काम हाताशी ठेवा.

दिब्रुगड आपल्या पूर्वेला जवळजवळ २१ अंश. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे सूर्य तिथे ८३ मिनिटे आधी पोचतो. घड्याळ मात्र देशभर एकच. त्यामुळे लक्ष्मीपूजनाला तिकडे पाच वाजायच्या आत दिवेलागण होते आणि नातीचा फोन येतो, "आजी, आमच्या पणत्या लागल्या! तुमच्या?"

इकडे अंगणात अजून ऊन असते. तरी सौभाग्यवती एक पणती लावतात आणि मगच सांगतात, "लागल्या गं बाई!"

यंदा तिची आई पुन्हा दोन जिवांची आहे. तिकीट महिनाभर आधीचे काढले आहे. दोरा मला कोणी मागितला नाही.